आधी जमेची बाजू वाच

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तू नगरपरिषदेवर निवडून आलीस आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलंस, "काका, पहिलं काम कोणतं घेऊ? नाली, रस्ता की समाजभवन?" गर्दीत होतीस म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. आता सांगतो. महिनाभर कोणतंच काम घेऊ नको. कर विभागात जा आणि मागणी-वसुलीचं रजिस्टर, म्हणजे कोणाकडून किती कर यायचा आणि किती आला त्याची वही, बघायला माग. लोकं हसतील. नगरसेवक त्या टेबलाकडे सहसा फिरकत नाहीत. फिरकलेच तर कोणाची तरी जप्तीची नोटीस थांबवायला.

रजिस्टरात मागील थकबाकी, चालू मागणी, एकूण, वसूल आणि बाकी असे रकाने असतात. मागील थकबाकी चालू मागणीपेक्षा मोठी दिसली तर तिथंच थांब आणि नावं वाच. झोपडपट्टीतल्या माणसाची बाकी पाच-सातशेची असते, तो ती मार्चमध्ये हप्त्याहप्त्यानं का होईना, भरतो. मोठे आकडे मंगल कार्यालयं, जिनिंग, लॉन आणि सरकारी इमारतींच्या नावापुढे असतात. मग मेन रोडवरची दोन-चार घरं घे आणि रजिस्टर हातात धरून त्यांच्यासमोर उभी राहा. कागदावर 'कौलारू, तळमजला, वापर निवासी' लिहिलेलं असेल, आणि समोर खाली कृषी केंद्र, वर कोचिंग क्लास, गच्चीवर मोबाइलचा टॉवर. कोणत्या इमारतीला किती कर ते ठरवणारी आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं व्हायला पाहिजे. ती रखडते, कारण नवी आकारणी आली की आक्षेप येतात, आक्षेपांमागून मोर्चा येतो आणि मोर्चाच्या पुढं आपलेच सदस्य असतात. यावेळी तू कुठं उभी राहशील ते आताच ठरवून ठेव.

थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. सावकाराला शोभेल असा दर आहे, तरी बडे थकबाकीदार घाबरत नाहीत. माफी येईल असा त्यांचा भरवसा असतो आणि ती येतेही. 2025 मध्ये शासनानं शास्ती माफ करणारी अभय योजना आणलीच. गरिबाला त्यातून दिलासा मिळतो हे खरं, पण दरवर्षी वेळेवर भरणाऱ्या मास्तरला आपण येडे ठरलो असं वाटतं, त्याचं काय? बाकी, उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात कर विभागापुढं केवढी रांग लागते ते तू पाहिलंसच. थकबाकी नसल्याचा दाखला लागतो ना! तेवढ्यापुरती आपली वसुली जोरदार असते.

तू म्हणशील, शासनाचा निधी येतोच की. येतो, पण त्याच्या पायात दोरी बांधलेली असते. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. त्याआधी कापसाच्या हंगामात नाक्यावर रोजचा रोख पैसा यायचा. त्याच्या बदल्यात आता शासनाचं सहायक अनुदान मिळतं आणि ते पगारातच जातं. ते लांबलं की सफाई कामगारांचा पगार लांबतो आणि चौथ्या दिवशी नाल्या तुंबतात. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचं घे. 2021 ते 2026 या काळात आपल्यासारख्या गावांना त्यातला 60 टक्के पैसा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच, होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के मोकळा म्हणायचा, पण पगार आणि आस्थापनेला तोही चालत नव्हता. दलित वस्तीचा निधी त्याच वस्तीत लागतो, आणि लागलाच पाहिजे. पथदिव्यांचं वीजबिल, टँकरचं डिझेल, घंटागाडीचं टायर, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त हे सगळं शेवटी स्वउत्पन्नावर, म्हणजे नगरपरिषदेच्या स्वतःच्या कमाईवर, येतं. मालमत्ता कराच्या बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर तर आपला नसतोच, तो वसूल करून सरकारकडे भरावा लागतो. म्हणून बिलाचा एकूण आकडा पाहून हुरळू नको.

स्वउत्पन्नाच्या आणखी दोन जागा आहेत, नगरपरिषदेचे भाड्यानं दिलेले दुकानगाळे आणि आठवडी बाजार. मूळ गाळेधारक नगरपरिषदेला जुन्या दरानं भाडं देतो आणि पोटभाडेकरूकडून कितीतरी पट घेतो, हे चहाच्या टपरीवरच्या पोरालाही ठाऊक असतं. करारनाम्यांची मुदत कधी संपते एवढंच लेखी विचार. बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून जागेचे पैसे घ्यायचा, म्हणजे बैठकी वसुलीचा, ठेका लिलावानं जातो; त्या लिलावात मागच्या तीन वर्षांत बोली किती गेली, बोली बोलणारे कोण होते आणि ठेकेदारानं पूर्ण रक्कम भरली का, हेही विचार. भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडून पावतीवरच्या दरापेक्षा जास्त घेतात का, ते बाजाराच्या दिवशी स्वतः जाऊन पाहा.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात चार दिवसांआड नळ येतो तेव्हा सगळे धरणाकडे बोट दाखवतात. धरणात पाणी असूनही उंचावरच्या गल्लीत घागर भरत नाही, कारण खालच्या गल्लीत घरोघरी नळातून पाणी ओढणारे टिल्लू पंप लागलेले असतात. नवी टाकी मागण्याआधी पाणीपट्टीची वसुली आणि पंपाचं वीजबिल एका कागदावर शेजारी-शेजारी लिही. नवी टाकी झाली तरी तिच्यात पाणी चढवायला वीज लागतेच.

आता सभेबद्दल. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायची पद्धत 2016 ला पुन्हा आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं होऊ शकतं, आणि मधल्या मध्ये मुख्याधिकारी बदलीची वाट पाहत बसतात. अशा सभेत तुझ्याजवळ मोठं हत्यार एकच, लेखी प्रश्न. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' एवढंच येतं. विरोध असेल तर नाव घेऊन नोंदवायला लाव आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना ती नोंद तपास. विषयपत्रिकेतल्या शेवटच्या ओळीवर, 'ऐनवेळी येणारे विषय' यावर, डोळा ठेव. खरी जेवणावळ तिथंच उठते. ठराव बेकायदा वाटला तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण ऊठसूट जाऊ नको, धार बोथट होते. तू यायच्या आधी जवळपास चार वर्षं निवडून आलेली सभा नव्हती, तिच्या जागी प्रशासक होते. त्या काळातले ठराव एकदा नजरेखालून घाल, कारण त्यांची बिलं आता तुमच्या सभेपुढं येतील.

आणखी एक, राग मानू नको. तुझे दीर हुशार आहेत, निवडणूक त्यांनीच ओढून नेली हे मला माहीत आहे. पण सभागृहात तुझ्या खुर्चीमागं त्यांना उभं राहू देऊ नको, आणि कोऱ्या कागदावर सही तर कोणालाच देऊ नको. सुरुवातीला घरात कुरबुर होईल. इंजिनिअर माप दाखवायला तुला सोडून दीराकडे पाहील, तेव्हा टेप स्वतःच्या हातात घे आणि नालीची रुंदी मोज. त्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत अगोदर मागून ठेवली असशील तर बोलायचीही गरज पडत नाही.

फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची विशेष सभा असते. जाडजूड पुस्तक आदल्या रात्री घरी येतं, कधी सभेतच हातात पडतं. तेव्हा खर्चाची पानं सोड. जमेच्या, म्हणजे उत्पन्नाच्या, बाजूला गेल्या वर्षी वसुलीचा अंदाज किती धरला होता आणि प्रत्यक्ष जमा किती झाली, एवढे दोन रकाने पाहा. दरवर्षी अंदाज फुगवून शिलकी अर्थसंकल्प दाखवायची आपल्याकडची रीत जुनी आहे.

रजिस्टर मिळालं की कळव. देत नसतील तर अर्ज आवक-जावकच्या टेबलावर टाक आणि पोच घे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा, म्हणजे नगरपरिषदेच्या हिशोबाच्या सरकारी तपासणीचा, मागचा अहवालही त्याच अर्जात माग. तो हातात आला की एखाद्या रविवारी घरी ये, त्यातले अग्रिमांचे, म्हणजे आगाऊ उचललेल्या रकमांचे, आक्षेप कसे वाचायचे ते सोबत बसून पाहू.

तुझे
काका