शेजारच्या रानात बाईकचा ट्रॅक

प्रश्न: नमस्कार. आम्ही मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे राहतो, घर शेतातच आहे, दोन म्हशी आहेत. बांधाला लागून असलेलं साडेतीन एकर पुण्यातल्या एकाने घेतलं, जेसीबी लावून मातीचे उंचवटे केले आणि आता दर शनिवार-रविवार तिथे डर्टबाईक आणि एटीव्ही फिरतात, सकाळी सातपासून पार अंधार पडेस्तोवर. पैसे घेऊन राईड देतात. संध्याकाळी धारेला बसलं की म्हैस पान्हा चोरते, सासूबाईंना बीपीचा त्रास आहे. मिस्टर बोलायला गेले तर "आमची जागा आहे काका" एवढंच उत्तर मिळालं. पोलीस आले, तेव्हा नेमक्या बाईक बंद होत्या, परत गेले. काय करायचं?

उत्तर: ताई, "आमची जागा आहे" हे अर्धंच खरं आहे. जागा त्यांची, पण आवाज बांधावर थांबत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने 2005 सालीच सांगून ठेवलंय की आपल्या घरात शांत राहायचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो.

पोलिसांकडून काही झालं नाही याचं कारण समजून घ्या. सायलेन्सरचा दंड मोटार वाहन कायद्यात आहे पण तो सार्वजनिक जागेपुरता, पौड रोडवर पकडलं तर लागतो, खाजगी रानात नाही. आवाजाचे नियम 2000 सालचे, त्यात राहत्या भागाला दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल, आणि मर्यादेच्या 10 डेसिबल वर गेलं तर तक्रार करता येते. अडचण अशी की त्या तक्त्यात औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र एवढे चारच प्रकार, शेतजमिनीचा रकानाच नाही, शिवाय मोजमाप सरासरीचं असतं त्यामुळे मधेमधे गुरगुरणारी बाईक सरासरीत बुडून जाते. म्हणून नुसत्या डेसिबलवर भांडू नका, मोबाईलचं ॲप तर पुरावा म्हणून टिकतच नाही.

माझ्या मते तुमची खरी पकड जमिनीच्या वापरात आहे. त्या गटाचा सातबारा ऑनलाईन निघतो, आणि पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन दाखला काढा, म्हणजे ती जमीन कुठल्या वापरासाठी आहे ते कळेल. झोन शेतीचा असेल तर तिथे काय चालतं ते विकास नियमावलीत ठरलेलं आहे. मालकाने स्वतःच्या पोरासोबत कधीमधी बाईक फिरवली तर त्यावर फार काही होणार नाही, पण पैसे घेऊन ट्रॅक चालवणं ही शेती नव्हे, तेव्हा परवानगी कुठली घेतली ते तहसीलदारांना आणि पीएमआरडीएला लेखी विचारा, पोच घ्या. राईडच्या रेटचा बोर्ड किंवा जाहिरात असेल तर फोटो जोडा.

दुसरा अर्ज प्रांतांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, म्हणजे सार्वजनिक उपद्रव थांबवायचा आदेश. "सार्वजनिक" हा शब्द इथे महत्त्वाचा, त्रास एकट्या घराचा नाही हे दिसायला हवं, म्हणून आजूबाजूच्या पाच-सहा घरांच्या सह्या घ्या. तेही नाही झालं तर दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागता येतो, पण त्यात वेळ जातो हो.

आणि वही ठेवा. तारीख, कधी सुरू, कधी बंद, किती गाड्या. डेअरीच्या पावत्या तर जपूनच ठेवा, शनिवार-रविवारचं दूध बाकीच्या वारांपेक्षा कमी दिसत असेल तर त्याइतका बोलका कागद नाही.

हे सगळं हातात घेऊन एकदा परत मालकाला भेटा, पण राईडवाल्या पोरांसमोर नको, मधल्या वारी. पहिल्या भेटीत मिस्टरांकडे नुसती तक्रार होती, आता मागणी ठेवा: धारेच्या वेळी गाड्या बंद, सायलेन्सर मूळचाच, आणि ट्रॅक तुमच्या घरापासून पलीकडच्या टोकाला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबल पडतो, म्हणजे 50 मीटरवरचा ट्रॅक 100 मीटरवर गेला तरी सासूबाईंना फरक कळेल. मधे माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा मातीचा बांध घालायला सांगा, जेसीबी त्यांच्याकडे येतोच आहे.