गंज जोडाच्या पोटातून येतो

प्रश्न : माझी २००८ ची व्हॅन मासळीच्या फेऱ्यांना असते. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला, म्हणून गेल्या उन्हाळ्यात तुकडा वेल्डिंग करून घेतला. वरून सिलंट, खालून काळं कोटिंग, सगळं केलं. एका पावसाळ्यात बरोबर वेल्डिंगच्या रेषेवर फुगे आले. चूक कुठे झाली?
– एक वाचक, मालवण

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोत फुग्याची खपली निघालेली दिसते. तिच्याखाली प्राइमरचा ठिपकासुद्धा नाही. सिलंट थेट उघड्या पत्र्यावर ओढलंय.

नवा तुकडा जुन्या पत्र्यावर अर्धा इंच चढवून वेल्ड करतात. त्या दोन पत्र्यांमध्ये कागदाएवढी फट राहते, आणि स्टोव्हच्या वातीत रॉकेल चढावं तसं पाणी तिच्यात चढतं. वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या आजूबाजूचा रंग-प्राइमर जळतो, तो दोन्ही बाजूंनी. पत्र्यावर झिंकचा, म्हणजे जस्ताचा, थर असला तर तोही टिकत नाही. झिंक ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास लागतात. तुमच्या गाडीत तर बर्फाचं खारं पाणी मॅटिंगखाली मुरतं. म्हणजे पाणी आतून येतंय आणि खालचं काळं कोटिंग त्याला बाहेर जाऊ देत नाही.

आता ते सगळं खरवडून काढा. पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दबला, तर तुकडा पुन्हा कापावा लागेल. नव्या जोडाला, वेल्डिंगच्या आधी, एकमेकांवर बसणाऱ्या दोन्ही बाजूंना झिंकचा वेल्ड-थ्रू प्राइमर, म्हणजे ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं तो, मारायला सांगा. ‘रेड ऑक्साइड मारतो की’ असं मिस्त्री म्हणेल. ते जळून राख होतं. वेल्डिंग झालं की वायर कपने (मशीनला लावायच्या तारेच्या ब्रशने) काजळी काढायची, थिनरने पुसायचं, मग टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या, एपॉक्सी प्राइमरचे दोन हात, पोहोचेल तिथे खालूनही. त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सिलंट, ब्रशने जोडात दाबून. हे सिलंट हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, त्यामुळे आपल्याकडे त्याच्यावर साय लवकर धरते. बोट फिरवायचं ते लगेच. बाथरूमचं सिलिकॉन लावू देऊ नका. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसिडच सुटत असतं, शिवाय त्यावर रंग धरत नाही. पुट्टीही जोड बंद करायला नको, ती पाणी पिते.

रंग झाल्यावर सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, भोकांतून आत कॅव्हिटी वॅक्स फवारून घ्या. पोकळीत वेल्डिंगने जे जळलं, तिथे ब्रश जात नाही, मेणच जातं.

आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. मी शिकाऊ असताना सासऱ्यांच्या जीपच्या दारांची खालची भोकं सिलंटने बुजवली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. गणपतीला गेलो तर दार उघडलं की आत पाणी डुचमळायचं. सासरे काही बोलले नाहीत, पण चहा सासूबाईंनी आणून दिला.

काम पाऊस संपल्यावर काढा. त्याआधी मॅटिंग काढून जमीन गोड्या पाण्याने दोनदा धुवा आणि गाडी दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात सोडा. मीठ राहिलं तर एपॉक्सीसुद्धा सोलून निघतं. पुढे बर्फाच्या खोक्यांखाली कडा असलेला ट्रे ठेवा. तो पुन्हा पत्रा कापण्यापेक्षा स्वस्त पडेल.