जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग जड झालंय आणि घुं घुं आवाज येतो. रॅक बदलावाच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2009 ची आहे, सकाळी पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग जड लागतं, वळवलं की घुं घुं करतं, खाली मात्र ऑइलचा एक डागही नाही. आणि गॅरेजवाल्याने थेट रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग, बदलायला सांगितलंय. त्याला एवढ्यात हो म्हणू नका. माझ्या 2007 च्या गाडीचं हुबेहूब हेच झालं होतं, मलाही रॅकच सांगितला होता, आणि तो रॅक आजही मूळचाच आहे.

आधी पुढच्या टायरांची हवा भरून घ्या. हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होतंच. मग इंजिन चालू ठेवून घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून, टॉर्च मारून पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या डब्यात बघा. माझ्या डब्यात लाल ऑइलऐवजी चहावर येतो तसा तपकिरी फेस होता. इंजिन बंद केलं तर पातळी डोळ्यांदेखत वर चढली. अशी पातळी चढली की ऑइलमध्ये हवा शिरली आहे, हे पक्कं समजा. हवा दाबली जाते, जोर पुढे पोचवत नाही, म्हणून स्टिअरिंग जड.

मग ऑइल का गळत नाही? कारण ऑइल दाबाने रॅककडे ढकलतो तो पंप; डब्यातून त्या पंपाकडे येणाऱ्या पाइपात दाब नसतो, उलट पंपाची ओढ असते. तिथली क्लिप सैल झाली किंवा ओरिंग (जोडावरची रबरी कडी) कडक झाली की ऑइल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत खेचली जाते. सकाळी ऑइल गार आणि घट्ट असतं, पंपाला जास्त ओढावं लागतं, म्हणून आवाज सकाळीच जास्त. माझ्या पंपाच्या तोंडावरची ओरिंग काढून बोटांत जरा वाकवली तर कट्कन मोडली. नवी ओरिंग, दोन क्लिपा आणि तो छोटा पाइप, एवढ्यावर काम झालं.

हे करतानाच डब्याच्या तळाची जाळी गाळाने भरलीय का बघा. ती तुंबली तरी पंप असाच ओरडतो. ऑइल कोणतं घालायचं ते गाडीच्या पुस्तकात किंवा डब्याच्या झाकणावर असतं, तेच घ्या. ब्रेक ऑइल चुकूनसुद्धा घालू नका, सगळी सीलं फुगून खराब होतात.

हवा काढायला घाई करू नका. पुढची चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा, मध्येमध्ये ऑइल भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा आणि पुन्हा थोडं फिरवा. टोकाला नेऊन दाबून धरू नका, पंप तापतो.

चाकं उचललेली आहेत, इंजिन बंद आहे, तेव्हाच आणखी एक गोष्ट कळते. स्टिअरिंग मध्येच अडखळत असेल तर दोष ऑइलचा नाही. कॉलमचा (स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याचा) जॉइंट गंजलाय का, शॉकअपच्या वरचं बेअरिंग जाम आहे का, ते बघायला सांगा. आणि घुं घुं नसून चिरका कुंईऽऽ असा आवाज असेल तर पंप फिरवणारा बेल्ट घसरतोय.

एवढं करूनही फरक पडला नाही तर गॅरेजवाल्याला रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट सरकवून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आत ऑइल साचलेलं दिसलं तर रॅकचं सील गेलंय. तेव्हासुद्धा नवीन रॅकच्या आधी सील किट मिळतं का, ते विचारा.