उंटाची मान

"गमतीचं पुस्तक वाचून दाखवलं, तर मुलं सुधारायचं सोडून त्यातल्याच खोड्या उचलतात. मग वाचायचं तरी कशाला?" हे गाऱ्हाणं मी शिक्षकांकडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर एकदा लिहूनच टाकते.

दुसरीच्या वर्गाच्या एक बाई. एक मुलगा सारखा शेजारच्यांच्या वहीत डोकावायचा, म्हणून त्यांनी मुद्दाम एक चित्रपुस्तक आणलं. शाळेत आलेलं उंटाचं पिल्लू. त्याची मान कधी याच्या दप्तरात, कधी तिच्या वहीत. वर्ग खो-खो हसला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच माना लांब झाल्या आणि त्या मुलाचं नाव पडलं 'उंट'.

"पुस्तक कपाटात टाकलं मी."

"वाचताना तुम्ही कोणाकडे बघत होतात?"

बाई जरा थांबल्या. "त्याच्याकडेच."

मुलांनी चित्रांआधी बाईंची नजर वाचली होती! नकलेला मी फारशी भीत नाही. बाहुलीला बदडणाऱ्या माणसाची फिल्म मुलांना दाखवून मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांनी केलेला १९६५चा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्या माणसाला शेवटी शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली. पण बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही ते सगळं करून दाखवलं. म्हणजे पाहिलेलं डोक्यात जातंच. ते बाहेर येतं पुढे काय पदरात पडतं त्यावर. बाईंचं ओरडणं हेही मुलांच्या लेखी बक्षीसच. दोन दिवस काणाडोळा केला असता, तर माना आपोआप आखूड झाल्या असत्या. टोपणनाव मात्र त्याच दिवशी थांबवायला हवं होतं.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं. "त्याच्याकडे बघू नका. 'यातून काय शिकलात?' तर अजिबात नको. एवढंच विचारा, उंट मान का लांब करत असेल?"

उंटावरून शेळ्या हाकतेय असं त्यांना वाटायला नको, म्हणून मीच मागच्या बाकावर जाऊन बसले. "त्याला भूक लागली असेल." "त्याला मित्र नाहीत." मग तो मुलगा, चित्रावर बोट ठेवून, मान वर न करता म्हणाला, "त्याचा शब्द लिहून व्हायच्या आत बाईंनी पुढचा सांगितला. मग कुठला ते बघायला."

श्रुतलेखन! 'तू असं का करतोस?' असं बाईंनी त्याला वर्षभर विचारलं होतं आणि त्याने वर्षभर खांदे उडवले होते. उंटाबद्दल विचारल्यावर एका दमात सांगितलं. खोडी मुलापासून सुटी करून समोर ठेवली की मूल तिच्याबद्दल बोलतं, हे माझं जुनं मत. त्या दिवशी ते पुन्हा खरं ठरलं, आणि मी मनातल्या मनात थोडी मिरवलेही.

बाई आता प्रत्येक शब्दानंतर थांबतात. त्याचं डोकावणं बंद नाही झालं, पण कमी झालंय. परवा एका मुलीचं उत्तर बाईंनी मधेच तोडलं, तेव्हा मागून आवाज आला म्हणे, "बाई, मान!"