विक्रेत्यासमोर ‘नको’ म्हणता येत नाही, तेव्हा

“मी शिकलेली बाई आहे, घरचा सगळा हिशेब आयुष्यभर मीच सांभाळला, आणि तरीही समोरचा विक्रेता बोलू लागला की माझ्या तोंडून ‘नको’ निघत नाही, माझं डोकं आता काम करेनासं झालं आहे का?” मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न शब्द बदलून अनेकांनी माझ्यासमोर मांडला आहे, आणि तो विचारणारे सगळेच वयस्कर किंवा एकटे नसतात. फ्रिज, टीव्ही, एसी, वॉशिंग मशीन, पाण्याचा प्युरिफायर या वस्तू आपण दहा-बारा वर्षांतून एकदा घेतो, तर समोरचा माणूस त्या रोज विकतो. त्याला आपल्या प्रत्येक आक्षेपाचे उत्तर आधीच पाठ असते आणि आपल्याला मात्र कोणता प्रश्न विचारायचा हेही नीटसे ठाऊक नसते. अशा असमान भेटीतून नको असलेली वस्तू घरी आली, तर त्याचा अर्थ बुद्धी कमी पडली असा होत नाही. हे मी ज्यांच्या अनुभवातून सांगणार आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाशिकच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. त्यांच्या धाकट्या बहिणीने त्यांना आणले होते. दारावरची बेल वाजली तरी त्या उघडत नाहीत, अनोळखी क्रमांकाचा फोन घेत नाहीत आणि बंगळुरूच्या मुलाशी बोलतानाही तुटक बोलतात, असे बहिणीचे म्हणणे होते. पहिल्या दोन भेटींत आम्ही निवृत्तीनंतरचे रिकामपण, पतीचे निधन, गुडघेदुखी अशा विषयांवरच बोलत राहिलो. तिसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून दोन बिले काढून टेबलावर ठेवली आणि “हे मी घरात कुणाला दाखवलेलं नाही,” एवढेच म्हणाल्या.

पहिले बिल दसऱ्याचे होते. साडेतीन मुहूर्तांवर मोठी खरेदी करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि विक्रीचे सगळे नियोजनही त्या दिवसांभोवतीच होते. बाईंना एकट्या माणसाला पुरेल असा एकदारी छोटा फ्रिज हवा होता आणि जाहिरातीत पाहिलेली त्याची किंमत त्यांनी कागदावर लिहून नेली होती. दुकानात गेल्यावर “ते मॉडेल सकाळीच संपलं” असे सांगून त्यांना दुहेरी दाराच्या मोठ्या फ्रिजपुढे उभे करण्यात आले. समजावून सांगणारा तरुण दुकानाचा नोकर नसून एका कंपनीचा प्रमोटर होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. मोठ्या दालनांमध्ये कंपन्या आपली माणसे उभी करतात, त्यांना महिन्याचे टार्गेट आणि नगामागे इन्सेंटिव्ह असतो, त्यामुळे “सगळ्यांत चांगला कोणता?” या प्रश्नाचे त्यांचे उत्तर आपल्या गरजेवरून ठरत नाही. “दहा वर्षांची वॉरंटी” हे शब्द बाईंनी ऐकले. ती फक्त कॉम्प्रेसरची होती, बाकी यंत्राला एकच वर्ष होते, आणि हे घरी आलेल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेले होते. वर दोन वर्षांची वाढीव वॉरंटी बिलात जोडली गेली, ती तर घ्यावीच लागते असे त्यांना सांगण्यात आले. “शून्य टक्के व्याजाचा” हप्ता केला, त्यात प्रक्रिया शुल्क होते आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट गेली ती वेगळीच. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, ते व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आड ग्राहकाकडूनच वसूल केले जाते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. पण दसऱ्याच्या गर्दीत उभ्या असलेल्या ग्राहकाला ते कोण सांगणार?

दुसरे बिल आरओ प्युरिफायरचे होते, आणि खरी जखम तिथे होती. एक तरुण “मोफत पाणी तपासणी” म्हणून दारात आला. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात नळाचे आणि दुसऱ्यात स्वतःच्या यंत्रातून गाळलेले, आणि विजेवर चालणारे एक छोटे उपकरण दोन्हींत बुडवले. काही क्षणांत नळाचे पाणी तपकिरी-काळपट झाले, त्यात गाळ तरंगू लागला, आणि दुसरे पाणी तसेच स्वच्छ राहिले. “मावशी, हे तुम्ही रोज पिता. नातू सुट्टीत येतो ना, त्यालाही हेच देता,” असे तो म्हणाला. बाईंनी त्याला चहा दिला, त्याने आपल्या आईच्या आजारपणाचे सांगितले, महिनाअखेर आहे आणि एक यंत्र कमी पडते आहे असेही सांगितले. तासाभराने त्यांनी धनादेश लिहिला, यंत्राचा आणि तीन वर्षांच्या देखभाल कराराचाही.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते म्हणून हा प्रयोग मला ओळखता आला, आणि समुपदेशकाने अशा वेळी केवळ भावनांवर बोलून थांबू नये असे माझे ठाम मत आहे. त्या उपकरणात लोखंडाची कांडी असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचा गंजासारखा साका तयार होतो. म्हणजे जी घाण दिसते ती पाण्यातली नसून कांडीतली असते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसत राहते. त्यात चिमूटभर मीठ टाकले की तेही तसेच काळवंडते. टीडीएस मीटरसुद्धा विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात (आयएस १०५००) विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ज्या पाण्यात हे प्रमाण ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश केंद्राला दिले होते, कारण या यंत्रातून बरेच पाणी वाया जाते. त्या तरुणाच्या मीटरवर बाईंच्या नळाच्या पाण्याचा आकडा ११० आला होता, हे त्यांना आठवत होते. “एकशे दहा म्हणजे धोक्याचं, असं तो म्हणाला,” हे सांगताना त्या स्वतःच थबकल्या.

पुढच्या भेटीपर्यंत मी त्यांना एक काम दिले. वहीच्या पानाच्या एका बाजूला त्या दोघा विक्रेत्यांनी काय सांगितले ते आठवेल तसे लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला बिल, वॉरंटी कार्ड आणि पुस्तिका वाचून खरे काय ते लिहायचे. शिक्षिकेच्या शिस्तीने त्यांनी चार पाने भरून आणली. त्या पानांनी जे साधले ते माझ्या धीराच्या शब्दांनी साधले नसते, कारण “मी मूर्ख आहे” या वाक्याच्या जागी “मला ही अमुक गोष्ट खोटी सांगितली गेली” अशी एकेक वाक्ये आली. लाज माणसाच्या स्वभावाला चिकटते, तक्रार घटनेला चिकटते, आणि झोप परत यायची असेल तर पहिलीपासून दुसरीकडे जावे लागते.

तरीही एक प्रश्न उरतोच. खोटे होते हे खरे, पण त्या क्षणीसुद्धा त्यांना आतून नको वाटत होते, मग त्या बोलल्या का नाहीत? याचे उत्तर आपल्या वळणात आहे. घरी आलेल्याला पाणी विचारावे, तासभर राबलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, ‘मावशी’ म्हणणाऱ्याला तोडून बोलू नये, हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो आणि ते शिकणे वाईट नाही. चतुर विक्रेता नेमका याच शिकवणीला हात घालतो. तो आधी लहानसा होकार मागतो: पाणी बघू का, बसू का, नंबर देता का. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले होते की आधी एखादी किरकोळ विनंती मान्य केलेली माणसे नंतरची मोठी विनंती कितीतरी अधिक प्रमाणात मान्य करतात. आपल्या जुन्या माणसांनी ‘भीड भिकेची बहीण’ म्हणून ठेवले आहे ते याच अनुभवातून.

म्हणून आम्ही स्वभाव बदलण्याच्या भानगडीत पडलो नाही, वाक्ये तयार केली. बाईंची सवय अशी की नकार देताना त्या कारण द्यायच्या: “मुलाला विचारून सांगते,” “सध्या पैसे अडकले आहेत,” “जागा कमी आहे.” प्रत्येक कारण म्हणजे विक्रेत्याला पुढच्या वाक्यासाठी मिळालेला धागा असतो; मुलाला आत्ताच फोन लावा, पैशांचा हप्ता करून देतो, जागा मी मोजून बघतो. कारण न देता, आवाज न चढवता, तेच वाक्य पुन्हा म्हणणे हे त्यांना उद्धटपणाचे वाटत होते, त्यामुळे त्याचा सराव करावा लागला. मी विक्रेती झाले, एकदा त्यांची बहीण झाली आणि ती माझ्यापेक्षा फारच चिवट निघाली. “मी आज फक्त बघायला आले आहे, आज पैसे देणार नाही,” हे दुकानात शिरतानाच सांगायचे वाक्य ठरले. “तुम्ही आत्ता सांगितलंत ते बिलावर लिहून द्या,” हे दुसरे. आणि दारात उभ्या असलेल्या माणसासाठी, साखळी न काढता, “मला नको आहे.” यांतले दुसरे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात कोणावर अविश्वास दाखवावा लागत नाही आणि खोटे बोलणाऱ्याला मात्र पुढे जाता येत नाही.

तक्रार करावी का, यावर त्या बरेच दिवस अडल्या. “त्या मुलाची नोकरी गेली तर?” या प्रश्नाला मी हसण्यावारी नेले नाही. त्या तरुणाच्या डोक्यावर टार्गेट होते आणि तो प्रयोग त्याला कोणीतरी शिकवलेला होता. त्याची दया येणे योग्यच आहे, पण त्या दयेची किंमत एका निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनमधून का यावी? तक्रार कंपनीच्या नावाने आणि तिच्या विक्रीपद्धतीविषयी करता येते, त्यात तरुणाचे नाव लिहायची गरज नाही, हे कळल्यावर त्यांचा हात मोकळा झाला.

कायद्याची बाजू मी मोजकीच सांगितली, कारण तिथे खोटी आशा दाखवणे घातक असते. मन बदलले एवढ्या कारणाने दुकानदाराने वस्तू परत घेतलीच पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, उपयोग, गरज किंवा वॉरंटी यांविषयी खोटी वा दिशाभूल करणारी माहिती देऊन विक्री करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीदेखील; आणि एक वस्तू हवी तर दुसरीही घ्यावीच लागेल अशी अट घालणे याला कायद्यात निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हटले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. त्यातून काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बिल लपवून ठेवणाऱ्या माणसाचे सगळ्यांत मोठे नुकसान या मुदतींत होते. बाईंच्या फ्रिजबाबत अडचण वेगळी होती: तक्रारीचा हक्क शाबूत होता, पण दुकानात कोण काय बोलले याचा लेखी मागमूस कुठेच नव्हता.

पत्राचा मसुदा करायला त्यांना ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्याची मदत मिळाली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ही चळवळ सुरू झाली, तेव्हापासून अशी माणसे गावोगावी निष्ठेने काम करत आली आहेत आणि त्यांच्याकडे जायला लोक अजूनही संकोचतात, याचे मला वाईट वाटते. पत्रात विशेषणे नव्हती. कोणत्या तारखेला, कोणता प्रयोग दाखवला, मीटरवर कोणता आकडा आला, काय सांगितले आणि काय विकले, एवढेच होते. पत्राची प्रत जोडून १९१५ वर तक्रार नोंदवली. कंपनीने देखभाल कराराचे सगळे पैसे परत केले, यंत्र परत घ्यायला मात्र नकार दिला. आयोगाकडे जायचे का, यावर बाईंनी आठवडाभर विचार केला आणि न जाण्याचे ठरवले. तो निर्णय त्यांनी भीतीने घेतला नव्हता, म्हणून मी त्यांना दुसरीकडे वळवण्याचा प्रयत्न केला नाही. मुलाला त्यांनी स्वतःच सगळे सांगितले. तो रागावेल असे त्यांना वाटले होते. त्याने स्वतःच्या टीव्हीसोबत गळ्यात पडलेल्या साउंडबारची हकीकत सांगितली.

पाडव्याला बहिणीसाठी वॉशिंग मशीन घ्यायला दोघी गेल्या. घरी बसूनच त्यांनी मॉडेलचा क्रमांक, दोन दुकानांतले भाव आणि जास्तीत जास्त किती खर्च करायचा तो आकडा लिहून घेतला होता. प्रमोटरने “दहा वर्षांची वॉरंटी” म्हटल्यावर बाईंनी कशाकशाची, ते बिलावर लिहून मागितले. तो म्हणाला, मोटरची; बाकीची दोन वर्षे. मग “ही ऑफर फक्त आजच्यापुरती आहे,” असे तो म्हणाला. बाईंनी त्याचे आभार मानले आणि त्या बाहेर पडल्या. चार दिवसांनी त्याच दुकानातून, त्याच भावात, वाढीव वॉरंटीशिवाय ते मशीन बहिणीच्या घरी पोहोचले.