तिसऱ्यांदा नीट नको, तिच्या प्रश्नाकडे बघा

(खानापूर तालुक्यातील एका वडिलांचं पत्र : मुलीने पीयूसीनंतर (बारावीनंतर) दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. तिसऱ्यांदा बसवायचं आहे, पण ती 'लॅबचं खूळ', म्हणजे रक्ताच्या नळ्या भरायचं काम, धरून बसली आहे. तिला समजवा.)

नमस्कार. तुमच्या पत्रात नीटचे मार्क तीनदा आलेत, भावकीतल्या डॉक्टर मुलाचं नाव दोनदा. मुलगी काय म्हणते ते मात्र शेवटच्या एका ओळीत, तेही तक्रार म्हणून. मला काळजी वाटली ती याची. दोन वर्षं ती खोलीत कोंडून अभ्यास करतेय आणि रात्री जेवायला बाहेर येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. आणखी एक वर्ष तिच्यावर लादू नका. ती मागत असती तर गोष्ट वेगळी होती.

आता ते 'खूळ'. नऊ वर्षांच्या धाकट्याच्या रक्ताच्या रिपोर्टवर अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं वाढताना रक्तात वाढणारं एक एन्झाइम) ३१० आलं, शेजारी रेंज ४० ते १३०, आणि घरात रडारड झाली. डॉक्टरांनी पोराला तपासून सांगितलं, हाडं वाढतायत, काही नाही. सगळे सुटलो म्हणाले, तिने विचारलं, "मग ही रेंज कुणाची?"

रिपोर्टवर छापलेली रेंज म्हणजे ब्रह्मवाक्य, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. ती निरोगी माणसांचं रक्त तपासून, मधल्या ९५ टक्क्यांवरून काढतात. म्हणजे शंभर धडधाकट मुलांतली पाचेक एखाद्या तपासणीत रेंजबाहेर जाणारच. त्यात धाकट्याच्या रिपोर्टवरची रेंज मोठ्यांची होती, आणि मुलांचं रक्त तर वयाबरोबर बदलतं. जन्मताच हिमोग्लोबिन भरपूर असतं, दोन-तीन महिन्यांत आपसूक उतरतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) स्नायूंवर अवलंबून, म्हणून लहानांत कमी. तिथे मोठ्यांची रेंज लावली तर मूत्रपिंडाचा बिघाड 'नॉर्मल' दिसून निसटू शकतो. म्हणून मुलांची रेंज ठरवायला दर वयोगटाला, आणि गरज पडेल तिथे मुलगे-मुली वेगळे धरून, निदान १२० निरोगी मुलं लागतात. आजार नसलेल्या पोराला सुई टोचू द्यायला कुठली आई तयार होईल? कॅनडात टोरांटोच्या बाल रुग्णालयातून 'कॅलिपर' नावाने हे काम हजारो निरोगी मुलांचं रक्त घेऊन झालं. तुम्ही ज्याला नळ्या भरणं म्हणता, त्याच्या मागे एवढा विचार आहे.

वाटा सोप्या आहेत : बीएस्सी एमएलटी (लॅब तंत्रज्ञान), नाहीतर बायोकेमिस्ट्री किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी, पुढे एमएस्सी. मला विचाराल तर, पीयूसीला गणित असेल तर हिच्यासाठी संख्याशास्त्र आधी बघा, कारण तिचा प्रश्न आकड्याचा आहे. लगेच मोठा पगार मिळेल असं मी सांगणार नाही.

येत्या आठवड्यात तिला घेऊन बेळगावात एखाद्या मोठ्या लॅबमध्ये जा. लहान मुलांची रेंज वेगळी छापता का, ती कुठून घेतली, हे तिला विचारू दे. तुम्ही नुसते शेजारी बसा. आणि त्या रात्री ती जेवायला बाहेर आली का, ते मला कळवा.