पाटल्या अजून सुटायच्यात

"मॅडम, सासरे ऑपरेशनला नाहीच म्हणतायत, भीती बसलीये त्यांच्या मनात, तुम्ही जरा समजावा ना." हॉस्पिटलमधली सोशल वर्कर म्हणून हे मी महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकते. या केसमधले अण्णा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) ७३ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, पेन्शन नावापुरती, आणि डॉक्टरांनी बायपास सांगितलेली.

मुलाला नि सुनेला चहाला पाठवलं आणि ऑपरेशनचा विषयच काढला नाही, विचारलं की याआधी घरात मोठं आजारपण झालं होतं का. तर त्यांनी पिशवीतून डायरी काढली. बायकोच्या आजारपणाचा हिशोब, कंडक्टरचाच तो, रिक्षा, रक्त तपासणी, सलाईन सगळं रुपया-रुपयाचं, खाली बेरीज आणि मग "सूनबाईच्या पाटल्या गहाण", त्याच्याखाली "सोडवल्या ता." आणि पुढे जागा कोरी. "आता गहाण टाकायला राहिलंय कोण, मीच ना," म्हणाले आणि हसले.

त्यांना विचारूनच मग दोघांना आत घेतलं. मुलगा गुपचूप पर्सनल लोनची चौकशी करत होता, सुनेला पत्ता नाही. खर्चाचा आकडा घरात कुणी मोठ्याने उच्चारलाच नव्हता, तो त्या दिवशी कागदावर लिहायला लावला.

आणि "आमचं पांढरं रेशन कार्ड, आम्हाला कुठली योजना!" हे तर ठरलेलंच. अहो, २०२४ पासून ७० आणि त्यावरच्यांना केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. मात्र हॉस्पिटल योजनेच्या यादीतलं हवं, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठायचं. लोक माझ्याकडे डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात धरून येतात, तेव्हा माझे पण हात बांधलेले असतात. नंतरच्या कायमच्या गोळ्या, जाणंयेणं, सोबतच्या माणसाचं खाणं यातून निघत नाही हेही स्पष्ट सांगितलं, गोळ्यांसाठी स्वस्त जेनेरिक औषधांचं जनऔषधी दुकान दाखवलं.

अण्णांनी दोन दिवस घेतले, मग हो म्हणाले. बायपास झाली. पाटल्या अजून सुटायच्यात. फॉलोअपला आले तेव्हा डायरीत नवीन पान होतं, पहिलीच ओळ "वडापाव २, चहा १". माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, "मुलाने खाल्ले हो!"